कोऱ्या हवेची नळी

संस्थेच्या तळघरात सकाळी साडेसातला पहिली ज्योत पेटायची. आधी पिवळी, आळसावलेली. मग ऑक्सिजनची चावी फिरली की निळी आणि टोकदार. त्या ज्योतीसमोर बसलं की भात्याला आपलं वय, महिन्याची तारीख, बायकोने येताना आणायला सांगितलेलं सामान, यातलं काही म्हणता काही आठवत नसे. दोन्ही हातांत काचेची नळी गरगर फिरत राहायची. तिचा मधला भाग लाल व्हायचा, मग केशरी, मग मऊ पडून खाली झुकायला बघायचा. नेमका तेव्हाच तो तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायचा आणि काचेला पोट यायचं. तळघराच्या उंच खिडकीतून थोडं ऊन आत येई, ते त्या गरम फुग्यात शिरून भिंतीवर हलत राही, आणि भाता बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसे.

भाता हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकोणिसाव्या वर्षी तो इथे कामाला लागला, तेव्हाच्या म्हाताऱ्या काचकारागिराने परीक्षा म्हणून त्याला दहा लिटरचा गोल चंबू फुगवायला दिला. लोक तीन दमात करतात ते काम या पठ्ठ्याने एका दमात केलं. म्हातारा म्हणाला, "ही छाती नाही, लोहाराचा भाता आहे!" झालं. तेव्हापासून पगारपत्रक सोडलं तर त्याचं खरं नाव कुठेच उरलं नाही. संस्थेत मोठमोठे शास्त्रज्ञ आले आणि गेले, पण त्यांची सगळी अक्कल शेवटी आपल्या फुंकरीतून निघालेल्या भांड्यांतच शिजली, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. हे मत तो कुणी विचारलं नाही तरी सांगे.

सिगारेट दिवसाला बारा. पहिली फाटकाजवळच्या कठड्यावर, सात वाजून वीस मिनिटांनी. काचखोलीत गॅसच्या टाक्या होत्या, तिथे त्याने चाळीस वर्षांत एकदाही ओढली नाही. इतर ठिकाणी मात्र शिस्तीचा तो फारसा भोक्ता नव्हता.

"अहो, दिवसभर आगीसमोर बसता, तेवढा धूर पुरत नाही का?" बायको विचारायची.

"माझ्या ज्योतीला धूर नसतो," तो ऐटीत म्हणायचा.

"म्हणून बाहेरून विकत आणता होय!" 

सूनबाई त्याच संस्थेत दुसऱ्या मजल्यावर काम करायची. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात ही तिघंच. सूनबाईचं काम पेशी वाढवण्याचं. शेजारच्या प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की एरवी टाकून दिली जाणारी नाळ घरच्यांना विचारून तिच्याकडे येई. त्या नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एकाच थराचं, डोळ्यांना न दिसणारं. ते ती अलगद धुऊन काढायची आणि बशीत ठेवून ऊब देणाऱ्या पेटीत वाढवायची. रोज सकाळी पेटी उघडून ती बशांकडे ज्या नजरेने बघे, ती नजर बघून भाता म्हणायचा, "आमचा मुलगा जहाजावर आहे ते बरंय, नाहीतर त्याला या पेशींचा हेवा वाटला असता."

तिने एकदा त्याला सूक्ष्मदर्शकातून त्या दाखवल्या होत्या. फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटून बसलेल्या, मधे सुई जाईल एवढीही फट नाही.

"कुणाच्या या?"

"परवा जन्मलेल्या एका मुलीच्या."

"तिला पत्ता आहे का, की ती इथेही राहते म्हणून?" भाता म्हणाला, आणि डोळा हटवायला तयार होईना. खालच्या त्या फिकट उजेडात आपण पूर्वी कधीतरी चाललो आहोत असं त्याला उगाच वाटत राहिलं.

तिच्या साहेबांना एक गोष्ट शोधायची होती. सिगारेटच्या धुराने फुफ्फुस खराब होतं हे जगजाहीर, पण कशा क्रमाने होतं? सूनबाईने ते जेवताना समजावून सांगितलं. फुफ्फुसात बारीक बारीक फुगे असतात, कोट्यवधी. प्रत्येक फुग्याच्या भिंतीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. धूर फुग्यात शिरतो, पण त्यातलं विष भिंतीपलीकडे रक्तातही उतरतं आणि वाहिन्यांच्या आतलं अस्तर उसवतं. अस्तर गेलं की जाळी सुकते, जाळी सुकली की भिंतीला रसद मिळत नाही आणि भिंत पडते. निदान साहेबांचा तसा अंदाज होता.

"मग शेजारचे दोन फुगे मिळून एक होतो," ती म्हणाली.

"मोठा फुगा झाला. चांगलंच की!"

"नाही ना, बाबा. रक्ताला हवा मिळते ती भिंतीतून. शंभर खोल्या पाडून एक मोठा हॉल केला तर भिंती उरतात चारच. छाती भरलेली वाटते, पण हवा रक्तात पोचत नाही."

भात्याचा घास हातातच राहिला. वितळलेल्या काचेत बुडबुड्यांचा फेस आला की काय होतं ते त्याने हजारदा पाहिलं होतं. दोन बुडबुड्यांमधला पडदा पातळ होत जातो, थरथरतो, आणि मग आवाज न करता नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीसमोर बसल्याबसल्या त्याला आपल्याच छातीत एक काचेचं घर दिसलं. खोल्याच खोल्या, आणि एकेक भिंत हळूच विरत चाललेली. मग कुणीतरी दारावर टकटक केलं आणि त्याने ते घर मनातून झटकून टाकलं.

या प्रयोगाची सगळी काच त्याचीच. त्याने दोन सारखे संच बनवले. एका संचात सिगारेट खोचली की पंप दर मिनिटाला एक झुरका ओढायचा आणि तो धूर पेशींना द्यायच्या लालसर पाण्यातून बुडबुडत जायचा. "आनंद न घेता ओढणारा जगात हा एकटाच," भाता म्हणायचा. दुसरा संच हुबेहूब तसाच, फक्त सिगारेट नाही. त्यातून नुसती साधी हवा. तो कोरा संच. दोन्हीकडचं पाणी गाळून पेशींवर घालायचं आणि फरक बघायचा. धुराच्या पाण्याने पेशी आजारी पडणार, कोऱ्याने ठणठणीत राहणार, आणि मधल्या फरकावरून पुढचं सगळं ठरणार.

पण फरक पडेचना. कोऱ्या हवेतल्या पेशीही आजारी पडायला लागल्या. धुरातल्यांइतक्या नाहीत, पण फरक पुसला जाण्याइतक्या. सूनबाईने पाणी बदललं, बशा बदलल्या, पेटीचं तापमान तपासलं, नाळा दुसऱ्या प्रसूतिगृहातून आणल्या. साप साप म्हणून भुई धोपटणं पाच महिने चाललं. साहेब भला माणूस, पण त्याच्याही डोक्यावर वरिष्ठ होते. यातून काही निघालं नाही तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार आणि तिची नेमणूक त्याच कामावरची, म्हणजे तिला पुन्हा बाटल्या धुण्याच्या खोलीत जावं लागणार. ती जेवताना बोलेनाशी झाली. भात्याच्या जिवाला घोर लागला.

आता इथे भात्याची एक सवय सांगायला हवी. रोज सकाळी, खालची ज्योत पेटवण्याआधी, तो दुसऱ्या मजल्यावर जाऊन दोन्ही संच तपासायचा. गळती बघायला भिंतीवर दाबमापक होता, पण भात्याचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. काच डोळ्याने नाही, ओठांनी तपासायची, असं म्हाताऱ्याने शिकवलं होतं. म्हणून एका टोकाला अंगठा दाबून तो दुसऱ्या टोकाच्या रबरी नळीत फुंकायचा, छाती रिकामी होईपर्यंत. कुठे हवा निसटली तर गालांना लगेच कळे. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या वेळी मजल्यावर चिटपाखरूही नसायचं. सूनबाई नऊला यायची. कोरा संच बिघडतोय म्हटल्यावर आपल्या जोडात तर दोष नाही ना, या काळजीने तो रोज दोनदा फुंकायला लागला. आणि निकाल आणखी बिघडले.

दुसरीही एक गोष्ट होती, ती मात्र त्याने कुणालाच सांगितली नव्हती. मोठा चंबू आता त्याला चार दमात करावा लागे आणि तो करताना तो काचखोलीचं दार आतून लावून घेई. मधेच टेबलाच्या कडेला धरून बसावं लागे. लोकांनी दाराबाहेरून हाका मारल्या तर तो ओरडायचा, "काच तापलीय!" निवृत्तीला सात महिने राहिले होते. तेवढे निभावले की नावाला धक्का न लागता बाहेर, असा त्याचा हिशोब.

मग एका आठवड्यात अचानक निकाल सुधारले. कोऱ्या पेशी तरारल्या, फरक स्वच्छ दिसायला लागला. भात्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. "माझी दोनदा तपासणी!" त्याने बायकोला सांगितलं. "वेळेवर लक्ष घातलं म्हणून वाचलं." तिसऱ्या दिवशी साहेब जिन्यात भेटले.

"सुनेचं वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "प्रामाणिक आहे. स्वतःच लिहून दिलं की पाच महिन्यांचा दोष तिच्या हाताळण्यातला होता. पण हात कच्चा म्हटल्यावर पुढचं काम तिच्याकडे कसं ठेवू? एक तारखेपासून दुसरीकडे देतोय."

भाता संध्याकाळी घरी पोचला तो तणतणतच. "तुझा हात कच्चा? चाळीस वर्षं मी लोकांचे हातच बघत आलोय, मला शिकवतेस? न केलेली चूक कबूल करून आलीस! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!"

"चूक झाली होती, बाबा."

"कुठली? सांग ना, कुठली?"

ती ताटं मांडत राहिली. बायको म्हणाली, "आधी जेवा. रागाने पोट भरत नाही." तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही संच फुंकून तपासले आणि खाली आला, पण कामात मन लागेना. दहाच्या सुमारास तो पुन्हा वर गेला. खरा दोष शोधून काढायचा आणि साहेबांच्या टेबलावर आपटायचा, असं ठरवूनच. सूनबाई नाळ आणायला शेजारी गेली होती. पंप चालू होता. त्याने कोऱ्या संचाच्या रबरी नळीला हात लावला आणि तो थबकला. ही नळी ताठ होती, कोरी करकरीत. सकाळी ओठांना लागलेली नळी मऊ होती, वापरून सैल पडलेली. अडीच तासांत नळी बदलली कुणी?

त्याने खालचा खण उघडला. मऊ नळी तिथे नीट गुंडाळून ठेवलेली होती. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, सूनबाईच्या अक्षरात: "बाबांची. संध्याकाळी जाताना परत लावणे."

शेजारी त्याच नळीचा कापलेला एक तुकडा होता, उभा चिरून उलगडलेला. आतून तपकिरी. त्याने तो नाकाशी धरला. बंद पडलेल्या खोलीसारखा शिळा, कडवट वास आला. नुकतीच सिगारेट ओढलेल्या छातीतला श्वास पाच महिने, रोज सकाळी, त्या रबरात मुरत गेला होता. रबर वास धरून ठेवतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? रोज तिथून जाणारी कोरी हवा तो वास घेऊन पाण्यात उतरत होती. जंतू असते तर गाळणीत अडकले असते, धुरातलं विष विरघळलेलं. ते कसलं अडकतंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि काख आपली.

तो स्टुलावर बसला. सूक्ष्मदर्शकाखाली एक बशी होती, तिच्यावर लिहिलेलं, "जुनी नळी." त्याने डोळा लावला. मागच्या वेळी पाहिलेली ती घट्ट बसवलेली जमीन आता जमीन राहिली नव्हती. पेशी आखडून लांबट झाल्या होत्या, एकमेकींचे हात सोडून दूर सरकलेल्या, आणि मधे काळ्या मोकळ्या जागा पडल्या होत्या. काही सुटून वर पाण्यात तरंगत होत्या, गोल, हलक्या, चमकत्या. दिसायला सुंदर होतं ते, हेच त्याला भयंकर वाटलं. तो कितीतरी वेळ त्या उजेडात बुडून राहिला. बशी कुणा तान्ह्या बाळाची आणि श्वास त्याचा. काचेतून आत-आत जावं तसा तो त्या काळ्या फटींतून खाली उतरत गेला, आणि खाली त्याचं ते काचेचं घर होतं, एकेक भिंत गळून पडलेलं. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली तेव्हा कुठे तो भानावर आला.

मनात दुसरा विचार आलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीने स्वतःहून झाकली आहे. सात महिने गप्प बसलं की झालं. भाता म्हणून आलो, भाता म्हणून जाऊ. तिला काय, अजून तीस वर्षं आहेत, होईल कुठेतरी चांगलं. एवढा विचार त्याने पूर्ण केला, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

अकराला साहेबांच्या खोलीत आठवड्याची बैठक असायची. भाता ती मऊ नळी हातात घेऊन तिथे जाऊन उभा राहिला. सूनबाई नुकतीच परतली होती. नळी बघून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, नका," ती हळूच म्हणाली.

"साहेब, हिचा हात कच्चा नाही," भाता म्हणाला. आवाज मोठा काढायचा होता, पण तेवढा दम नव्हता. "कोऱ्या संचात हवा कोरी नव्हती. त्यात माझा श्वास होता. रोज सकाळी मी फुंकून तपासत होतो. सिगारेट ओढून."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एवढ्याने इतकं होईल? अंदाज झाला हा."

"मग बघा ना करून. तुमचं कामच आहे ते."

तिथल्या तिथे सहा नव्या नळ्या काढल्या. भात्याने फाटकाजवळ जाऊन एक सिगारेट ओढली. आयुष्यात पहिल्यांदा ती कडू लागली. परत येऊन तो तीन नळ्यांत पुन्हा पुन्हा फुंकत राहिला, कपाळावर घाम येईपर्यंत, सगळ्यांच्या देखत, दार उघडं ठेवून. साहेबांनी नळ्यांना आकडे दिले आणि त्यातले भात्याने फुंकलेले कुठले ते लिहून पाकिटात बंद केलं. दोन दिवस त्या नळ्यांतून हवा गेली, तिसऱ्या दिवशी सूनबाईने कुठली नळी कुठली हे न कळता पेशी मोजल्या. तीन बशा ठीक, तीन आजारी. पाकीट उघडलं. आजारी तिन्ही भात्याच्या.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी सूनबाईने लिहून दिलेला कबुलीचा कागद फाडला आणि एक तारखेचा बदल रद्द केला. भात्याला ते म्हणाले, "अहो, धुराचा नुसता उरलेला अंशही एवढं करतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. हेही लिहायला लागेल."

"लिहा," भाता म्हणाला. "नाव मात्र पगारपत्रकातलं घाला."

त्या संध्याकाळी दोघं बरोबर घरी निघाली.  घर दुसऱ्या मजल्यावर. पहिला जिना चढून झाल्यावर भात्याने कठड्याला धरलं.

"तुला कधी कळलं?"

"महिना झाला असेल. एक दिवस लवकर आले होते. तुम्ही फुंकत होता, डोळे मिटून. इतके रमला होतात..." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला कसं सांगणार होते मी? सगळी संस्था तुमच्या श्वासाचं कौतुक करते."

भात्याने दुसऱ्या जिन्याकडे पाहिलं. वीस पायऱ्या. वर बायकोने दिवा लावलेला दिसत होता.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "मला दम लागतो. वर्ष झालं. चढवत नाही."

हे वाक्य त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणताना त्याचे डोळे भरून आले. तो पायरीवर बसला आणि तीही शेजारी टेकली, पिशवी मांडीवर घेऊन. त्याचा श्वास येत-जात होता, आखूड, शिट्टीसारखा, आणि आज तो लपवायचं काही कारण नव्हतं. ती तो कान देऊन ऐकत होती.

"त्या बशीतल्या परत बऱ्या होतात का गं?" त्याने विचारलं.

"धूर थांबवला तर कडेच्या काही पसरतात पुन्हा. पडलेल्या भिंती नाही उभ्या राहत, बाबा. पण उरलेल्या वाचतात."

"माझ्या किती उरल्यात, ते मोजता येतं?"

"येतं. छातीच्या डॉक्टरांकडे नळीत फुंकायला लावतात."

भाता हसला, खोकला, पुन्हा हसला. "उद्या जाऊ."

"अजून सहाच वाजलेत. दवाखाना आठपर्यंत उघडा असतो," सूनबाई म्हणाली. तिने वर हाक मारून सासूला पायात चपला घालून खाली यायला सांगितलं.